डाय तिसऱ्यांदा हरवली

१

फटीची डाय तिसऱ्यांदा हरवली त्या सकाळी नागपूरचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं, आणि शिशिर कूलर वर्क्सचे मालक कृष्णकांत धवड उन्हापेक्षा जास्त तापले होते. लोकांची घरं गार करणारा माणूस स्वतः किती गरम होऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात हिंगणा रस्त्यावरच्या त्यांच्या कारखान्यात यायला हवं होतं.

“टाचणी आहे का ते हरवाले?” ते ओरडत होते. “हातगाडीशिवाय हलत नाही ते धूड! अन् तिसऱ्यांदा गायब? डायले पाय फुटले का?”

पत्र्याच्या शेडमध्ये सगळे कामगार गोळा झाले होते. डाय म्हणजे पोलादाचा भक्कम साचा. प्रेसमध्ये तो बसवायचा, खाली पत्रा सरकवायचा, की मोठ्या कूलरच्या बाजूंना हवा आत घेणाऱ्या तिरप्या फटी एका दणक्यात पडतात. फटी नसल्या तर मोठा कूलर म्हणजे नुसती पेटी. छोट्या कूलरला जाळी लागते, त्याचं या डायवाचून काही अडत नाही. पण मागणी होती मोठ्यांची, तीही खापरखेड्याच्या एका दवाखान्याची. तयार होते तेवढे मोठे कूलर आदल्याच संध्याकाळी ट्रकमध्ये चढले होते, एकही मागे राहिला नव्हता. उरलेले शनिवारपर्यंत द्यायचे होते. त्यानंतर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागणार होता, आणि नवतप्यात खाटेवर तळमळणाऱ्या आजाऱ्याला ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असं सांगता येत नाही.

कृष्णकांतांची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली आणि तिथून फळ्याखाली उभ्या असलेल्या प्रेमिला खोब्रागडेकडे.

“हा फळा लागला अन् हे सारं सुरू झालं,” ते म्हणाले. “पहिले काही हरवत नव्हतं.”

पहिले काही हरवत नव्हतं हे खरं होतं, कारण पहिले काही सापडतच नव्हतं. फळ्याच्या आधी या कारखान्यात ज्याच्या हाती जे लागेल ते तो करत सुटायचा. प्रेसवाले पत्रे कापून छतापर्यंत थप्पी लावायचे, तेव्हा खसच्या, म्हणजे वाळ्याच्या गवताच्या, ताट्या निम्म्याही विणून झालेल्या नसायच्या. ताट्या झाल्या की पंप संपलेले असायचे. मेमध्ये मागितलेला कूलर गिऱ्हाइकाच्या घरी पोचायचा तो जूनच्या शेवटी, छत्रीसोबत. प्रेमिला तेव्हा ऑफिसात टायपिस्ट होती. ‘आपणास झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य टाइप करून करून तिला इतका कंटाळा आला, की तिनं सदर भागातल्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, उत्पादनाचं नियोजन शिकून आली आणि मालकांकडे फक्त एक भिंत मागितली.

त्या भिंतीवर तिनं फळा टांगला. आठवड्यात कोणते कूलर निघायचे ते आधी ठरवायचं, मग प्रत्येक खात्यासमोर पत्र्याची एक गोल चकती लावायची. हिरवी चकती म्हणजे काम सुरू. लाल म्हणजे थांबा, तुमच्या पुढच्या खात्याकडे पुरेसा माल आहे, उगाच ढीग करू नका. दोन महिन्यांत कारखान्याचं रूप पालटलं. कूलर ठरल्या तारखेला जायला लागले, गंजणाऱ्या पत्र्यांच्या थप्प्या गेल्या आणि शेडच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दिसू लागला. प्रेमिलाची आई भीमाबाई हिनं अख्ख्या इंदोरा वस्तीत सांगून टाकलं, की माही पोरगी कारखाना चालवते.

आणि मग डाय हरवायला लागली. दोनदा अर्धाअर्धा दिवस गेला, दोनदा ती कारखान्यातच सापडली, आणि दोन्ही वेळा फळ्यावरच्या तारखा कोसळल्या.

“शनिवारपर्यंत वाट पाहतो,” कृष्णकांत म्हणाले. “माल तारखेले नाही गेला तर हा फळा चुलीत, अन् तुम्ही पुन्हा टायपिंगले. समजलं का बाई?”

“समजलं,” प्रेमिला म्हणाली. आवाज तिनं पडू दिला नाही.

विक्री आणि रवानगी पाहणारे ओमप्रकाश पुढे आले. माणूस गोड बोलणारा, कपाळावर घाम असला तरी ओठांवर हसू. “मालक, गुस्सा थुंकून टाका. डाय सापडेपर्यंत छोटे कूलर लावून घ्या ना. प्रेस रिकामा काहून ठेवता?”

बोलणं सगळ्यांना पटलं. प्रेमिलानंच फळ्यावर मोठ्या कूलरच्या जागी छोटा लिहिला. कृष्णकांतांनी मात्र फोन उचलला आणि आपल्या मामांना बोलावून घेतलं.

२

मामा म्हणजे भैय्याजी. सारं नागपूर त्यांना भैय्याजीच म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी रेल्वेत एकच काम केलं होतं, हरवलेल्या मालगाडीच्या वॅगन शोधायचं. संत्र्यांनी भरलेली वॅगन नागपुरातून निघायची आणि कलकत्त्याला पोचायचीच नाही, की भैय्याजी निघाले. निवृत्त झाल्यावर ते शेजाऱ्यांच्या शेळ्या आणि चष्मे शोधून देत, आणि एकदा तर ऐन मुहूर्तावर पळालेला नवरदेवही त्यांनी शोधून दिला होता.

दुपारी ते आले ते डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून कांदा घेऊन. आल्या आल्या त्यांनी माठातलं दोन तांबे पाणी रिचवलं आणि प्रेमिलाला विचारलं, “पहिल्या दोन बार डाय कुठी सापडली, बाई?”

“पहिल्यांदा खसच्या ढिगाखाली. दुसऱ्यांदा खस भिजवायच्या टाकीमागे. दोन्ही वेळा तेल लावलेल्या पोत्यात गुंडाळलेली होती.”

“तेल लावून?” भैय्याजींचे डोळे चमकले. “वा! म्हणजे चोराले डायची काळजी आहे. ओल्या खसपाशी ठेवली तर गंजीन, हे त्याले समजते. ऐका बाई, माह्या नोकरीत म्या एक गोष्ट शिकली. वॅगन कधी हवेत उडत नाही. ते कोणाच्या तरी सोयीच्या रुळावर उभी असते. ‘कोणी नेली’ हे विचारूच नाही. ‘कोणाची सोय झाली’ हे विचारावं.”

दोघं प्रेसपाशी गेले. प्रेसचे मिस्त्री शालिकराम छोट्या कूलरचे पत्रे कापत होते. उंच, ताठ मानेचा, पिकल्या मिशांचा माणूस. गेल्या दोन्ही वेळा डाय हरवली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आरडाओरडा त्यांनीच केला होता. आज ते गप्प होते.

“मिस्त्री, तुमच्यावर शक आहे म्हणतात लोक,” भैय्याजींनी थेट विचारलं.

“म्हणू द्या. ज्याचं पोट प्रेसवर, तो प्रेस काहून बंद पाडीन? लात मारीन का कोणी आपल्याच ताटाले?”

“सकाळी डाय नाही दिसली तर पहिले काय केलं?”

“शोधली. खसच्या ढिगात पाह्यलं, टाकीमागं पाह्यलं. नव्हती जी. खरंच नव्हती.”

हे म्हणताना त्यांनी हातातला पत्रा तिरपा कापला. प्रेमिलाला नवल वाटलं. या माणसाचा काप तिनं कधी चुकलेला पाहिला नव्हता. तिची नजर वळली तर प्रेसच्या बाजूच्या खुंटीवर तेच तेलकट पोतं नीट घडी घालून टांगलेलं होतं.

“पोतं इथंच आहे,” ती भैय्याजींच्या कानाशी म्हणाली.

“पाह्यलं म्या,” भैय्याजी पुटपुटले. “या बार चोराले डायची काळजी नव्हती.”

३

शेडच्या मागच्या अंगाला कडुनिंबाखाली सिंधूताई आणि तिच्या बायका खसच्या ताट्या विणत बसायच्या. ओल्या गवताचा वास असा की क्षणभर माणूस मे महिना विसरून जाईल. सिंधूताई तोंडाची फाटकी आणि मनाची मोकळी.

“माह्या ढिगात सापडली तर मी काय करू बाप्पा?” तिनं कपाळाला हात लावला. “गवतात काय काय सापडते! एक बार कोंबडी सापडली होती, अंड्यासकट.”

भैय्याजी हसले आणि मांडी घालून बसले. प्रेमिलाचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या एका बाईकडे गेलं. ती विणून झालेली, चांगली घट्ट ताटी उसवत होती. फळ्यावर ताट्यांपुढे त्या वेळी लाल चकती होती, कारण छोट्या कूलरच्या ताट्या आधीच तयार पडल्या होत्या.

“ताई, हे काहून उसवून राहिली ती?” प्रेमिलानं विचारलं. “बिघडली का?”

बायका एकमेकींकडे पाहून खुदखुदल्या. सिंधूताईनं प्रेमिलाकडे पाहिलं, आणि तिचं हसू जरा मऊ झालं. “नाही वं पोरी. तुही लाल चकती लागली का आम्ही उसवतो अन् पुन्हा विणतो. दादाजीची फेरी येते ना.”

दादाजी म्हणजे कृष्णकांतांचे वडील, कारखान्याचे संस्थापक. सायकलच्या मागं ताट्या बांधून दारोदार विकता विकता त्यांनी हा पसारा उभा केला होता. आता कारभार मुलाकडे होता, पण सकाळ-संध्याकाळ काठी टेकत शेडमधून एक फेरी मारल्याशिवाय म्हाताऱ्याला अन्न गोड लागत नसे.

“मग? फेरी आली तर काय झालं?” प्रेमिलाला कळेना. “लाल म्हणजे थांबायचंच आहे. त्याचा पगार कापला जात नाही, मालकायनं कबूल केलं आहे.”

“पगार नाही कापत वं,” सिंधूताई म्हणाली आणि खसची जुडी झटकून पुढच्या कामाला लागली.

तिथून दोघं माल बांधायच्या गोदामात गेले. ओमप्रकाश खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. आजूबाजूला छोट्या कूलरची बुटकी खोकी आणि शेजारी एक उंच खोकं, त्यावर त्यांचा चहाचा ग्लास.

“आइये भैय्याजी, चहा घ्या! अरे, मले काय मालूम त्या डायचं? मी तर माल पाठवणारा माणूस.” त्यांनी बुटक्या खोक्यांवर प्रेमानं हात फिरवला. “एक बात मात्र चांगली झाली. सदरचा दुकानदार महिन्यापासून छोट्यासाठी माह्या मागं लागला होता. या बाईच्या फळ्यावर त्याचा नंबरच लागत नव्हता. डाय गेली अन् त्याची गाडी चालू झाली. देवाची करणी, और क्या?”

“अन् शनिवारचा दवाखाना?” प्रेमिला म्हणाली.

“तोही होईन, बाई. सापडीन डाय शुक्रवारी-शनिवारी. दर बारी सापडतेच ना?”

ते असे निश्चिंत हसले, की प्रेमिलाला त्यांचा हेवा वाटला. बाहेर पडताना काहीतरी खटकलं, पण काय ते तिला सांगता येईना.

४

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी भैय्याजींनी शालिकरामला फळ्यापाशी बोलावलं. तिथं तिघांशिवाय कोणी नव्हतं.

“बाई, पहिल्यांदा डाय हरवली तेव्हा प्रेसपुढं कोणती चकती होती?”

प्रेमिलाला आठवायला वेळ लागला नाही. “लाल. थोड्या वेळानं हिरवी होणार होती, पण डायच नव्हती.”

“अन् दुसऱ्या बार?”

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. “तेव्हाही लाल.”

“मिस्त्री,” भैय्याजी एकदम हळू आवाजात म्हणाले, “सारे डाय शोधत असले का कोणाचे हात रिकामे नसतात. बरोबर का?”

शालिकरामची ताठ मान खाली आली. मग त्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं.

“तुमचा फळा खराब नाही बाई. माहा राग फळ्यावर नाही. पण तुमची लाल चकती पहिल्यांदा लागली तेव्हा माहे माणसं हात आवरून उभे होते. दादाजी आले अन् साऱ्या शेडसमोर म्हणाले, ‘काहून गा शालिकराम, जावई होऊन आला का इथं?’ माहे केस या प्रेसवर पिकले. साऱ्या बायका ऐकून राहिल्या होत्या, माह्या हाताखालचे पोट्टे हसून राहिले होते. म्या काय सांगू त्यायले, का लाल चकतीनं उभं केलं? रिकामा हात म्हणजे चोराचा हात, असं ते म्हणतात. मंग म्या हातगाडीवर डाय टाकली अन् ताईच्या ढिगात लपवली. शोधाशोध सुरू झाली. दादाजी आले, काही बोलले नाही. उलट म्हणाले, शोधा, शोधा.”

“पण हिरवी लागल्यावर काढायची होती ना बाहेर!” प्रेमिला कळवळून म्हणाली.

“काढणारच होतो. पण दोन्ही बारी दादाजी ताईपाशीच गप्पा करत बसले. माणूस हालेच ना तिथून!”

प्रेमिला भिंतीला टेकली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. थांबलेलं यंत्र तिला फळ्यावर दिसत होतं, पण थांबलेला माणूस चारचौघांत कसा दिसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

“जाऊ द्या,” भैय्याजी म्हणाले. “आता डाय काढा मिस्त्री, कोणाले सांगत नाही.”

शालिकरामनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “हेच तर सांगून राहिलो सकाळपासून. या बारी म्या नाही लपवली. बाबासाहेबाची शपथ घेतो बाई, मले नाही मालूम ते कुठी हाय.”

५

प्रेमिला त्या संध्याकाळी घरी गेली तरी डोक्यात फळ्याचाच विचार होता. सकाळी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली आणि फळ्यासमोर उभी राहिली. भैय्याजी आले तोवर ती तिथंच होती.

“भैय्याजी, शालिकरामकाकांनी डाय लपवली ती लाल चकतीत. परवा रात्री गेली तेव्हा प्रेसपुढं हिरवी होती. दवाखान्याचं काम जोरात चालणार होतं. म्हणजे या वेळी कोणाला थांबायचं नव्हतं. कोणाला तरी मोठ्यांना थांबवून आपलं काही पुढं काढायचं होतं.”

“शाब्बास! अन् डाय गेल्यावर काय सुरू झालं?”

“छोटे कूलर.” ती उत्तर देता देता थबकली. काल गोदामातून निघताना जे खटकलं होतं ते आता लख्ख दिसलं. “चला माझ्यासोबत. मालकांनाही बोलवा. दादाजींनाही.”

गोदामात गर्दी झाली. ओमप्रकाश हसत उठले. कृष्णकांत घड्याळ पाहत होते, दादाजी काठीवर रेलून उभे होते, सिंधूताई बायकांसह दारात होती आणि शालिकराम सगळ्यांच्या मागे.

प्रेमिलानं उंच खोक्यावर हात ठेवला. “ओमप्रकाशभाऊ, हे मोठ्या कूलरचं खोकं ना?”

“मोठ्याचंच. दवाखान्याचं.”

“तयार झालेले सगळे मोठे कूलर परवा संध्याकाळी ट्रकमध्ये गेले. एकही राहिला नव्हता, तुम्हीच मालकांना सांगितलं.”

“हा मागून आला असंन.”

“कुठून?” प्रेमिलाचा आवाज आता चढला होता, आणि तिला त्याची फिकीर नव्हती. “परवा ज्या पत्र्यांना फटी पाडल्या ते अजून रंगखात्यात वाळताहेत. वाळल्यावर जुळणी, मग पंखा, मग पंप, मग ताट्या, मग कुठं खोकं. फटीचा पत्रा नाही तर मोठा कूलर नाही. काल दुपारी मी इथं आले तेव्हा जगात एकही मोठा कूलर या खोक्यात बसायला तयार नव्हता. मग ह्यात बसलंय काय?”

मग शालिकराम पुढे आले, त्यांनी पट्टी कापली आणि पुठ्ठा उघडला. आत खसच्या कचऱ्यात डाय पडली होती, उघडीबोडकी, एका कडेला गंजाचा तांबूस डाग घेऊन.

“अरे, तेल तरी लावायचं होतं!” शालिकराम ओरडले. त्यांना चोरीपेक्षा गंजाचा राग जास्त आला होता, आणि त्यावर सगळं गोदाम हसलं.

ओमप्रकाशांचं हसू मात्र गेलं होतं. “सदरवाल्याले मी जबान देऊन बसलो होतो मालक. फळ्यावर नंबर लागेना. डाय दर बारी हरवते अन् सापडते, मले वाटलं अजून एक बार हरवली तर कोणाले काय समजणार? रवानगीची हातगाडी होतीच. बांधलेलं खोकं कोणी उघडत नाही. उद्या सापडवणार होतो. कसम से.”

“जबान होती तर फळ्यापाशी येऊन भांडायचं होतं माझ्याशी,” प्रेमिला म्हणाली. “जागा काढून दिली असती.”

कृष्णकांत लालबुंद झाले. “अन् पहिल्या दोन बारी कोणी नेली? तेही आजच समजू द्या. दोघांलेही काढतो!”

शालिकराम पुढे सरकले, पण प्रेमिला त्यांच्या आड उभी राहिली. तिनं मालकांकडे पाहिलंच नाही, ती सरळ दादाजींकडे वळली. टायपिस्टची खुर्ची तिला समोर दिसत होती, तरी ती बोलली.

“दादाजी, पहिल्या दोन वेळा डाय लपली ती तुमच्या भीतीनं. माझी चकती म्हणते थांबा, अन् तुम्ही म्हणता जावई होऊन आला का. माणसानं कोणाचं ऐकावं? मागे बायका विणलेल्या ताट्या उसवून पुन्हा विणतात, फक्त तुम्हाला हात हलताना दिसावे म्हणून. चूक माझीही आहे. थांबा म्हणून सांगितलं, पण थांबणाऱ्याची लाज राखली नाही मी.”

इतक्या वर्षांत दादाजींना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. भैय्याजींनी घसा साफ केला.

“भाऊजी, मेल जायची असली का मालगाडी बाजूच्या लाइनले उभी करतात. उभी आहे म्हणून तिच्या ड्रायव्हरले कोणी कामचोर म्हणते का? उभी नाही केली तर दोघी एकमेकीवर आपटतील.”

दादाजींनी एकदा शालिकरामकडे पाहिलं, एकदा प्रेमिलाकडे. मग ते काठी टेकत निघून गेले. ते रागावले की आणखी काही, कोणालाच समजलं नाही.

“पहिले माल काढा,” कृष्णकांत कोरडेपणानं म्हणाले. “बाकीचं नंतर पाहू.”

६

माल निघाला. शालिकरामनी गंज घासून काढला आणि प्रेस असा चालवला, की रंगखात्याची धावपळ उडाली. शनिवारी ऊन कलायच्या आत शेवटचा मोठा कूलर ट्रकमध्ये चढला. शिक्षा म्हणून कृष्णकांतांनी ओमप्रकाशांना त्याच ट्रकच्या मागच्या बाजूला, भर उन्हात, कूलर धरून खापरखेड्याला पाठवलं. ‘इतक्या कूलरांत बसून एकही हवा देत नव्हता,’ असं ते नंतर कळवळून सांगत. सदरवाल्याचे कूलर प्रेमिलानं पुढच्या आठवड्यात बसवून दिले.

फळ्याचं काय, हे मात्र कृष्णकांतांनी सांगितलं नाही. भैय्याजींनी विचारलं तर म्हणाले, “एक गाडी तारखेले गेली म्हणून काय झालं?”

सोमवारी प्रेमिला लवकर आली. सुतारानं टाकून दिलेल्या फळकुटांची तिनं दोन बाकं ठोकून घेतली होती. एक तिनं कडुनिंबाखाली ठेवलं, एक प्रेसजवळ. मग फळ्याशी जाऊन प्रेससमोर लाल चकती लावली. फळ्यावरची ती आपली शेवटची चकती असेल, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

“बसा काका,” ती शालिकरामना म्हणाली. “लाल लागली का बसायचं. मी सांगितलं म्हणून.”

शालिकराम बसले, पण बाकाच्या अगदी कडेला, परीक्षेला बसल्यासारखे. त्यांची माणसंही बसली. डाय प्रेसमध्ये होती, तेल लावलेली, सगळ्यांच्या समोर.

काठीचा आवाज आला. मागे कडुनिंबाखाली बायकांची बडबड थांबली. दादाजी रंगखात्यावरून आले, प्रेसपाशी थांबले. बसलेल्या माणसांकडे पाहिलं, लाल चकतीकडे पाहिलं. शालिकराम उठायला गेले, आणि प्रेमिलाचे डोळे नकळत मिटले.

“उठतो कायले गा?” दादाजी म्हणाले. “सरक थोडा.”

आणि ते बाकावर बसले. काठी मांडीवर आडवी घेऊन त्यांनी एक लांब श्वास सोडला. “बसलं का गुडघ्याले बरं वाटते रे शालिकराम. मले कोणी सांगितलंच नाही इतके साल.”

त्याच वेळी कृष्णकांत ऑफिसातून तरातरा आले. बाकावर रांगेनं बसलेली माणसं पाहून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, मग त्या रांगेत बसलेले स्वतःचे वडील दिसले, आणि तोंड तसंच मिटलं. मग फळ्यापाशी गेले.

“हिरवी कधी लागते याले?”

“रंगखात्यातला माल पुढं सरकला का. जेवणानंतर,” प्रेमिला म्हणाली.

“हं.” त्यांनी रुमालानं मान पुसली. आजवर ते तिला ‘उद्या हे लावा, उद्या ते लावा’ असंच सांगत आले होते. आज त्यांनी बाकाच्या टोकाला बसून फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, उद्याचं काय ठरवलं तुम्ही?”

प्रेमिलानं पिशवीतून हिरव्या चकत्या काढल्या आणि सांगायला लागली, आणि मालक मध्ये न बोलता ऐकत राहिले.